न सुटणारा उपवास

१२ सप्टेंबर १९९७, चंद्रपूर

नागपूरच्या डेस्कवरच्या उपसंपादकाचं माझ्या 'तथापि'शी काय वैर आहे, हे एकदा चौकशी आयोग नेमून ठरवलं पाहिजे. या आठवड्यात पाठवलेल्या प्रत्येक बातमीतला 'तथापि' कापला गेला. जिल्हा वार्ताहराला पगार नसतो, मानधन असतं. त्या मानधनात निदान एक उभयान्वयी अव्यय तरी बसायला हवं. पुढच्या बातमीत 'परंतु' घालून पाहणार.

घरी चातुर्मास जोरात. म्हणजे मुक्ताचा. मी आणि सौ. केवळ प्रेक्षक. पोरगी एकच वेळ जेवते, तेही अळणी. बारावीचं वर्ष, सकाळी शिकवणी, दुपारी कॉलेज, आणि वर हे. माझ्या लहानपणीच्या पाठशाळेतले गुरुजीसुद्धा चातुर्मासात दुपारी हळूच चिवड्याचा डबा उघडत. सतरा वर्षांची ही मुलगी उघडत नाही. शिवाय जेवणाआधी गोग्रास काढून ठेवते, स्वतः जाऊन गायीला घालते. मानलं.

२८ सप्टेंबर, रविवार

माझं रविवारचं सदर छापून आलं. 'घरातली तपस्विनी'. उपसंपादकाचा हात आज हलका होता. नाव दिलं नव्हतं, पण चंद्रपुरात नाव न देणं म्हणजे पत्ता देणंच. सकाळपासून लोक थांबवून विचारताहेत. एकाने तर आशीर्वादासाठी नातवाला घेऊन येऊ का म्हणून विचारलं.

मु.ला विचारलं, वाचलंस का?

"वाचलं."

कसं वाटलं?

"बरं."

आणि स्वयंपाकघरात गेली. आम्हा सगळ्यांसाठी गोळाभात केला, वर फोडणीचं तेल, सोबत कढी. स्वतः समोर बसून वाढत राहिली. आणखी घ्या, आणखी घ्या. आम्ही किती खातो याकडे तिचं बारीक लक्ष असतं. तिच्या हाताला काय चव आली आहे. कुठून आली कोण जाणे, ती स्वतः तर चाखतही नाही.

१९ ऑक्टोबर

रामटेके मॅडम येऊन गेल्या. आमच्या शेजारी राहतात. मु.ला कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात, त्यांची मुलगी करुणा मु.च्याच वर्गात. मिस्टर ऊर्जानगरच्या वीज केंद्रात, तिथल्याच बसने जातात-येतात. मॅडमनी चहा घेतला, कप खाली ठेवला, आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमचं लिहिलेलं वाचलं. चांगलं लिहिता. आता एकदा पोरीकडं पाहा पण."

पाहतो की.

"पोरगी वाळून राह्यली. वर्गात स्वेटर घालून बसते. चंद्रपुरात, ऑक्टोबरात."

मी म्हणालो, ही तर पहिल्या पानाची बातमी आहे. मॅडम हसल्या नाहीत. शास्त्राच्या शिक्षिका, विनोद त्यांच्या अभ्यासक्रमात नसावा.

संध्याकाळी पाहिलं. स्वेटर खरंच होता. विचारलं तर, "थंडी वाजते." मनगट पाहिलं. बांगडी कोपरापर्यंत सरकते.

वजन कमी झालं असेल थोडं. अभ्यासाचा ताण.

१ नोव्हेंबर

दिवाळी. करंज्या, शेव, अनारसे, सगळं मु.ने केलं. अनारशाला जाळी अशी पडली की सौ.ची वहिनी गप्प बसली, जे सहसा घडत नाही. मु.ने एकही तोंडात टाकला नाही. "तळताना वासानंच पोट भरलं."

१२ नोव्हेंबर

काल कार्तिकी झाली. चातुर्मास संपला. आज सौ.ने पारण्यासाठी पुरण शिजवलं. पोरीच्या आवडीचं, जायफळ घालून. पान वाढलं. मु. म्हणाली, "मार्गशीर्षाचे गुरुवार येतातच आहेत. तोपर्यंत असंच चालू ठेवते."

सौ.: "मग हे पुरण मी कोनासाठी वाटलं?"

मी मु.ची बाजू घेतली. निश्चय आहे, मोडू नये, वगैरे. एक सुभाषितही झालं. सौ. उठून आत गेली. पोळ्या आम्ही दोघांनी खाल्ल्या. मु.ने वाढल्या.

९ डिसेंबर

कॉलेजातून निरोप. प्रॅक्टिकलच्या तासाला मु. चक्कर येऊन पडली. बर्नर बंद होता, देवाची कृपा. रामटेके मॅडमनी रिक्षात घालून घरी आणली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. लोह फार कमी. नाडी मंद. टॉनिक दिलं, "मुलींना असतं या वयात" म्हणाले.

मागच्याच आठवड्यात अहेरीला जाऊन सूरजागडच्या लोखंडावर भला मोठा मजकूर पाठवला होता. शेजारच्या जिल्ह्यात डोंगरच्या डोंगर लोखंडाचे, आणि माझ्या घरात एका मुलीच्या रक्तापुरतं नाही. हे वाक्य सौ.ला ऐकवलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी टॉनिकच्या बाटलीला ऐकवलं.

११ डिसेंबर

सौ.ने आज पाहिलं. मु. गोग्रास घेऊन बाहेर गेली, तिच्यामागे सौ. गेली. गोग्रास म्हणजे घास. गायीसमोर अख्खं ताट होतं. भाजी, पोळी, भात. गाय सवयीने उभी होती, वेळ झाली की येते. म्हणजे ते एकवेळचं जेवणही ती गायीलाच घालत होती.

सौ. ओरडली नाही. मलाच ते जास्त लागलं. आत येऊन म्हणाली, "गायीचं वजन वाढून राह्यलं, अन् आपण पोरीचं कौतुक करून राह्यलो."

मु.ला विचारलं, का? तिने खरंच विचार केला, दिसत होतं. मग म्हणाली, "भूक नव्हती." किती दिवसांपासून? "माहीत नाही."

१६ डिसेंबर

रामटेके मॅडमचा सल्ला: डॉ. नसरीन. नागपूरहून मनाच्या आजारांचं शिकून आलेली. आपल्या शेखमास्तरांची मुलगी, ज्यांनी माझे सगळे झब्बे शिवले. दवाखाना मास्तरांच्या दुकानाच्या वर.

सौ.: "पोरीले पागल ठरवून राह्यले का तुम्ही? बारावीची पोरगी. उद्या लग्नाचं पाहायचं."

रामटेके मॅडम: "ताई, आधी ते पाह्यला पोरगी तर पाह्यजे."

 सौ.ने उठून मु.चा चांगला ड्रेस काढून ठेवला.

२० डिसेंबर

गेलो. जिन्यावर शिलाई मशीनचा आवाज वरपर्यंत येतो. डॉ. नसरीन मला 'काका' म्हणते. लहानपणी दुकानातल्या कापडाच्या ढिगावर बसून माझी मापं ओरडून सांगायची. आता टेबलापलीकडे. मु.शी एकटीशी बराच वेळ बोलली. मग आम्हाला आत बोलावलं. मु. समोरच होती.

"मुक्ता, आईबाबांना सांग, दवाखान्यात यायचं म्हटल्यावर काय वाटलं?"

"काही नाही."

"राग?"

"नाही."

"भीती?"

"नाही. पोट जड वाटलं."

नसरीन आमच्याकडे वळली. "ती खोटं बोलत नाहीये, काका. आत काहीतरी होतं एवढं तिला कळतं, काय होतं ते कळत नाही. राग आला, पोट जड. भीती वाटली, पोट जड. खुशी झाली तरी पोट जड. आणि पोट जड असल्यावर माणूस जेवेल कसा?"

मी म्हणालो, आपल्याकडे तर आठ स्थायी भाव सांगितले आहेत. रति, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय...

"पाठ आहेत?"

आहेत.

"यातला शेवटचा कोणता आला होता? तुम्हाला. या घरात. मोठ्यानं."

मी विनोद केला. कोणता ते लिहीत नाही, बरा नव्हता. नसरीन म्हणाली, "हेच. तुम्ही हसवता, ती जेवत नाही. आतल्या गोष्टीला बाहेर येऊ न द्यायचं काम दोन्हीकडून चाललंय."

परत येताना सौ. म्हणाली, पोरगी हुशार आहे मास्तरची. आमच्या सौ.कडून हे म्हणजे राष्ट्रपती पदक.

९ जानेवारी १९९८

रमजान चालू. आज संध्याकाळची वेळ मिळाली. बोलणं चाललं होतं, तेवढ्यात अजान झाली. नसरीन म्हणाली, "दोन मिनिटं." ड्रॉवरमधून डबी काढली, एक खजूर, पाणी. डोळे मिटून. आम्ही तिघं पाहत होतो, मु. सगळ्यांत जास्त. एखादा जादूगार रुमालातून कबूतर काढतो तेव्हा मुलं पाहतात तशी.

"दुपारपासून भूक लागली होती. आता बरं वाटलं."

मु.ने विचारलं, "तुम्हाला कसं कळतं, भूक लागली ते?"

नसरीन हसली नाही. इथे मी तिला मनोमन नमस्कार केला. कुणीही हसलं असतं. "आधी डोकं दुखतं. मग चिडचिड. आज अब्बांवर उगाच ओरडले, मग कळलं." आणि थोडं थांबून: "माझा रोजा सूर्य बुडाला की सुटतो, मुक्ता. तुझा कधी सुटतो?"

 खाली मशीन चालू झालं, थांबलं.

"माहीत नाही."

अर्ध्या चंद्रपूरला मी समजावून सांगितलं आहे की व्रताच्या एका टोकाला संकल्प असतो, दुसऱ्या टोकाला उद्यापन; दुसरं टोक नसेल त्याला व्रत म्हणत नाहीत. माझ्या घरात महिनोन्‌महिने दुसरं टोक नव्हतं, आणि हा प्रश्न कापडाच्या ढिगावर बसणाऱ्या मुलीने विचारला.

१४ जानेवारी

नसरीनचे नियम सुरू. ताटावर कुणी जेवणाबद्दल बोलायचं नाही. आग्रह नाही, कौतुक नाही, रडणं नाही. गोग्रास सौ. घालणार. मी मु.सोबत, तिच्याच वेळी, तेवढंच खायचं. माझ्यासाठी वेगळं कलम: ताटावर विनोद बंद. श्लोक बंद. मग मी बोलायचं काय, असं विचारलं. "मीठ द्या म्हणा," म्हणाली.

जेवणानंतर प्रत्येकाने सांगायचं, आज अंगात कुठे काय झालं, आणि त्याच्या आधी कोण काय बोललं होतं.

पहिला दिवस. तिळगुळाचा वाडगा मध्ये. मु. म्हणाली, "पोट जड." आधी काय झालं होतं? आठवत नाही. माझी पाळी आली, मी 'गुडघा' म्हणालो. मग सौ.: "मान दुखून राह्यली. तुमची बहीण येनार म्हनाले, तवापासून."

मु. हसली. आवाज करून. पाचसहा महिन्यांत ऐकला नव्हता तो आवाज. बहीण आली तर तिला हे सांगावं लागणार नाही अशी आशा.

मु.ने अर्धी पोळी खाल्ली. लिहायला काही नाही असं वाटेल, पण मी समोर बसून पाहिलं आहे. एकेका तुकड्याला ती आधी कुठेतरी आत जाऊन येते, मग तोंड उघडते. नक्षलग्रस्त भागात रस्ता बांधणाऱ्यांवर मी शौर्याच्या बातम्या दिल्या आहेत. 'शौर्य' हा शब्द जरा जपून वापरायला हवा होता.

२७ जानेवारी

हे सविस्तर लिहितो.

रात्रीचं जेवण. नियम पाळत होतो, पण मन भरलं होतं, निसटलं तोंडून. संपादकांचा फोन आला होता. तपस्विनीवरच्या लेखाला पत्रं आली आहेत, आणखी एक लिहा म्हणाले. मी ते हसत सांगितलं. म्हणालो, आता नाव 'तपस्विनी आणि गाय' ठेवावं.

मु.ने चमचा ठेवला. "हात गरम झाले."

सौ.: "कोन काय बोललं म्हनून?"

"बाबा बोलले म्हणून."

माझ्याशी ती पुस्तकी बोलते, आईशी आईचं. आता ती माझ्याकडे पाहत होती, पण बोली आईची होती. "मले राग आला वाटते."

वाटते. तिला खात्री नव्हती. पहिल्यांदाच पाहिलेल्या माणसाचं नाव विचारावं तसं.

मग आलं. सलग नाही, तुटत तुटत. "तुम्ही लिहिलं. सगळ्यांनी वाचलं. मले तेव्हाच सोडायचा होता उपवास. मग कशी सोडू? मी जेवली असती तर तुम्ही खोटे पडले असते." आणि मग, "मी काही बोलली का तुम्ही हसवता. नाई तर श्लोक म्हणता. मंग मले कळतच नाई का मी काय सांगत होती."

सौ. रडत होती, पण नियम आठवून आवाज न करता. माझ्या ओठांवर काहीतरी आलं होतं. गिळलं.

मु. जेवली नाही. मीही नाही, तेवढंच खायचं असा नियम आहे.

 हे लिहून ठेवतो: असं एक वाक्य मी माझ्या वडिलांना, गुरुजींना, संपादकांना, कुणालाही तोंडावर कधी बोललेलो नाही. ती बोलली. अन्नाशिवाय, त्या अंगात जेवढं बळ आहे तेवढ्यावर.

३१ जानेवारी

काल ईद. मास्तरांकडून शीरखुर्मा आला. मु.ने दोन चमचे घेतले, कुणी पाहिलं नाही असं आम्ही दाखवलं.

आज नसरीनला सगळं सांगितलं. म्हणालो, दोष माझाच. ती म्हणाली, "काका, हे सगळं तुमच्या एका लेखामुळे झालं असं समजून मिरवू नका. त्याच्या आधीपासून होतं." दोष घेण्यातही माणूस मिरवतो, हे इतक्या लहान वयात हिला कसं कळलं.

संपादकांना नकार कळवला. कारण विचारलं. सांगितलं, जिच्यावर लिहायचं तिची परवानगी नाही.

१५ फेब्रुवारी

मु. घरभर नावं देत फिरते. "आज गळ्याशी काहीतरी होतं. भीती असेल. नाही, लाज." काही चुकतात, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करते, शुद्धिपत्र काढल्यासारखी. आज रामटेक्यांच्या करुणाला निबंधाचं बक्षीस मिळालं. मु. धावत आत आली, "आई, मले हेवा वाटला." इतक्या आनंदाने हेवा वाटलेला माणूस मी पाहिलेला नाही. तशीच शेजारी जाऊन करुणालाही सांगून आली. करुणा म्हणाली म्हणे, "वाटू दे, मले पण तुझ्या केमिस्ट्रीचा वाटते." दोघी हसत बसल्या.

माझी पाळी आली की मी अजूनही 'गुडघा' म्हणतो.

२४ फेब्रुवारी

वाईट.

दवाखान्यात जाताना रिक्षात मु. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बाबा, मी वजन करायच्या आधी पाणी पिते. दोन तांबे. दर वेळी."

का?

"डॉक्टर खुश होतात म्हणून." मग, "तुम्ही पण."

नसरीनला तिने स्वतःच सांगितलं. आज पाण्याशिवाय वजन झालं. आकडा नसरीन आम्हाला सांगत नाही, पण तिचा चेहरा पाहिला. नाडी पाहिली, पुन्हा पाहिली. मु.ला म्हणाली, "सांगितलंस, ते फार मोठं केलंस." तिला बाहेर बसवलं. मग आम्हाला: बोलणं सुधारलं आहे, शरीर मागे राहिलं आहे. हृदय सावकाश चालतं आहे. आणखी उतरली तर परीक्षा सोडून नागपूरला भरती करावं लागेल. थांबता येणार नाही.

सौ.ने विचारलं, "पन बोलते तर आता. मग काऊन खात नाई?"

"काकू, नाव कळलं म्हणून ती गोष्ट जात नाही. वेळ लागतो." किती, ते नसरीनलाही सांगता आलं नाही. माहीत नाही म्हणाली, सरळ. त्याबद्दलही मला ती थोर वाटते. त्याने काही सोपं होत नाही.

३ मार्च

पहिला पेपर. मु. पहाटे उठली. पोळी, दूध. पोळी पूर्ण खाल्ली की नाही ते मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पाऊण. स्वेटर घातला. रामटेके मॅडम आणि करुणासोबत रिक्षात जाणार होती. निघताना चपला घालता घालता तिने विचारलं, "बाबा, तुमचा चेहरा असा का? काय वाटतं?"

पेपरची काळजी, म्हणालो.

तिने क्षणभर पाहिलं. तिला आता अशा गोष्टी कळायला लागल्या आहेत. पण उशीर होत होता. गेली.

पेपरची काळजी मला नाही. ती नापास झाली, बारावी सोडली, जन्मभर स्वेटर घालून घरात बसली, तरी मला चालेल. नसरीनने नाडीवर बोट ठेवलं आणि पुन्हा ठेवलं, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आम्ही तिघं नावं शिकत बसू, आणि मध्येच एके दिवशी तिचं शरीर थांबेल, याची मला भीती वाटते. ती मरेल याची भीती वाटते. दुपारी ती पेपर देऊन आली की हे तिला सांगायचं आहे. सांगता येईल की नाही, माहीत नाही.